विश्लेषण : शंभर किलोंची कुंडी हलवायची कशी? चाकांचा स्टँड, हँड ट्रॉली की बांबू-दोर?

पावसाळा तोंडावर आला की गृहनिर्माण सोसायट्यांच्या सूचनाफलकावर एक नोटीस हमखास झळकते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आहे, सदस्यांनी आपापल्या कुंड्या हलवाव्यात. नोटीस दोन ओळींची असते, काम मात्र दोन दिवसांचे. तीन-चार वर्षांपूर्वी रिकामी असताना एका हाताने वर नेलेली कुंडी आता माती, मुळे आणि पाणी पिऊन जागची हलत नाही. मग ऑनलाइन दुकानात ‘२०० किलो क्षमता’ असे लिहिलेला चाकांचा स्टँड मागवला जातो, आणि तो बाल्कनीच्या उंबऱ्यापाशीच अडतो. चूक स्टँडची नसते, निवडीची असते. जड कुंडी हलवण्याचे साधन खोक्यावर छापलेल्या किलोंवरून ठरत नाही. कुंडीचे खरे वजन, वाटेतला सर्वांत उंच अडथळा आणि खालची फरशी या तीन गोष्टींवरून ते ठरते.

कुंडीचे खरे वजन किती असते?

बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो, कारण कुंडी इंचांत विकली जाते आणि इंच वाढतात त्याच्या कितीतरी पट वजन वाढते. व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट झाली, की आत मावणारी माती आठपट होते. नेहमीच्या आकाराच्या, खाली निमुळत्या १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. बागेतली नेहमीची माती पाणी घातल्यावर लिटरमागे दीड ते पावणेदोन किलो भरते. म्हणजे नुसती माती २५ किलोंच्या आसपास. त्यात भाजलेल्या मातीच्या कुंडीचे वजन मिळवले तर ३० किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडरही साधारण एवढाच असतो.

हेच गणित १८ इंची कुंडीला लावले तर सुमारे ५० लिटर माती, ८५ किलो वजन आणि कुंडीसह शंभरी पार. २४ इंची कुंडी २०० किलोंच्या पुढे जाते. ती सिमेंटची असेल तर आणखी वर. गच्चीवरच्या बागांमध्ये लोकप्रिय असलेला २०० लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून केलेल्या अर्ध्या ड्रमात लिंबू किंवा शेवगा लावला असेल, तर ते वजन दीडशे किलो धरायला हरकत नाही. रंगाचा २० लिटरचा डबा किरकोळ वाटतो. तोही काठोकाठ भरला तर ३० ते ३४ किलो होतो.

घरी अंदाज घ्यायचा तर सोपा उपाय आहे. एक लिटरच्या भांड्यात तीच ओली माती दाबून भरावी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे आणि कुंडीच्या लिटरांनी गुणावे. कोकोपीट आणि कंपोस्टचे मिश्रण असेल तर ओले असतानाही लिटरमागे वजन एक किलोच्या आसपास राहते. त्यामुळे वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुंड्यांपैकी एक ६० किलोंची आणि दुसरी १०० किलोंची असू शकते.

वजन कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हलवण्याच्या आधी दोन दिवस पाणी न देणे. १८ इंची कुंडीतून एवढ्यानेच सात-आठ किलो उतरू शकतात. अर्थात मे महिन्यात नाजूक रोपांच्या बाबतीत हा उपाय बेताने करावा लागतो. वरचा दगडगोट्यांचा थर, शोभेचे दिवे, खाली साचलेल्या पाण्याची ताटली हेही आधी काढावे. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण घाईत तेच राहून जाते.

कुंड्या एकदा ठेवल्या की हलवायच्याच कशाला?

वॉटरप्रूफिंग हे एक कारण झाले. दुसरे कारण आकाशात आहे. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात पार आतपर्यंत येणारे ऊन या काळात कठड्यापाशीच थांबते, आणि एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीला ऊन मिळू लागते. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांना फुलायला ऊन लागते, त्यामुळे मोकळी गच्ची नसलेल्यांना वर्षातून निदान दोनदा जागाबदल करावा लागतो. अडेनियमसारख्या रोपाचे खोड सततच्या पावसात सडते, म्हणून ते जूनमध्ये आडोशाला न्यावे लागते. रंगकाम, दिवाळीची साफसफाई, घर बदलणे हे आहेच.

मुद्दा असा की बहुतेक घरांत एक जड कुंडी वर्षातून दोन ते चार वेळाच हलते. खरेदी करताना हा आकडा डोळ्यासमोर असला तर दहा कुंड्यांखाली दहा चाकांचे स्टँड घेण्याचा मोह आपोआप आवरतो.

एका माणसाने किती वजन उचलावे?

अमेरिकेतील ‘नायोश’ ही व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक सरकारी संस्था हाताने वजन उचलण्याचे जे सूत्र वापरते, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे वजन अंगाला लागून, कमरेच्या उंचीवर, नीट पकड असलेले आणि अंग न पिळता उचललेले. कुंडी यातल्या एकाही अटीत बसत नाही. ती जमिनीवर असते, तिला कान नसतात, पोट बाहेर आलेले असते आणि वरून बोगनवेलीचे काटे तोंडावर येतात. वजन अंगापासून जितके दूर, तितका कण्याच्या खालच्या मणक्यांवरचा ताण जास्त. म्हणजे व्यवहारात १० इंची कुंडीच्या पुढे एकट्याने हाताने उचलण्याचा विचार सोडून द्यावा.

कामाच्या ठिकाणीही प्रौढ पुरुषाने वाहायचे वजन ५५ किलोंच्या वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ मधील शिफारस आहे. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मात्र सोसायटीतल्या कुंड्या हलवताना ‘जरा हात लावा’ म्हणून हाक मारली जाते ती रखवालदाराला, नाही तर घरकामाला येणाऱ्या बाईंना. त्या मदतीचा ना दर ठरलेला असतो, ना कंबर धरली तर औषधाचा खर्च कोणी देते. घरातली कुंडी कोण हलवणार, हा प्रश्न साधन निवडण्याच्या आधीचा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या घरात तर तोच पहिला.

चाकांचा स्टँड नेमका कुठे अडतो?

गोल कडे किंवा ताटलीसारखा तळ आणि खाली चार-पाच छोटी फिरती चाके, असा हा स्टँड आज सर्वाधिक विकला जातो. सपाट, गुळगुळीत, एकाच पातळीवरच्या फरशीवर तो छान चालतो. दिवाणखान्यातली शोभेची कुंडी झाडू-पोछ्यासाठी हातभर सरकवायची असेल तर त्याच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. कुंडी त्यावर एकदा चढवावी मात्र लागते, आणि ते चढवणे हेच पुष्कळदा सर्वांत अवघड काम ठरते. म्हणून स्टँड वापरायचाच असेल तर रिकामी कुंडी त्यावर ठेवून मग माती भरणे शहाणपणाचे.

खरी अडचण चाकांच्या आकाराची. आपल्याकडे बाल्कनीची फरशी खोलीपेक्षा थोडी खाली असते, मध्ये सरकत्या दाराचा अॅल्युमिनियमचा रूळ असतो आणि गच्चीच्या दाराला पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा असतो. दोन इंची चाक, म्हणजे २५ मिलिमीटर त्रिज्या, समोरून ओढून २० मिलिमीटरच्या पट्टीवर चढवायचे असेल, तर त्या चाकावर जितका भार आहे त्याच्या जवळजवळ पाचपट जोर लागतो. तेच चाक आठ इंची असेल तर भाराच्या पाऊणपट जोर पुरतो. अडथळा चाकाच्या त्रिज्येइतका उंच झाला, की नुसते आडवे ओढून ते चाक कधीच चढत नाही. खोक्यावर २०० किलो छापलेले असो वा ५००, या गणितात फरक पडत नाही. छोटे चाक अडले आणि वरून जोर लावला, तर स्टँड जागेवर राहतो आणि कुंडी पुढे कोलमडते.

छापील क्षमतेबद्दल आणखी एक गोष्ट. फरशी पूर्ण सपाट क्वचितच असते. चार चाकांपैकी एक बहुतेक वेळा अधांतरी राहते. त्यामुळे एकूण भार तीन चाकांवरच येणार असे धरून हिशेब करण्याची पद्धत चाकांच्या व्यवसायात रूढ आहे. एका चाकाची क्षमता ३० किलो असेल तर चार चाकांचा स्टँड १२० नव्हे, ९० किलोंचा समजावा.

स्वयंपाकघरातली सिलिंडरची ट्रॉली कुंडीखाली सरकवण्याची युक्तीही अनेक घरांत दिसते. ती ३० किलोंच्या सिलिंडरसाठी बनलेली असते. १२ इंची कुंडीला चालेल, १८ इंचीला नाही. ग्रो बॅग असेल तर कड्याच्या स्टँडवर तिचा तळ मधून लोंबतो आणि शिवण उसवते. खाली प्लायचा गोल तुकडा घातल्याशिवाय ती चाकांवर ठेवू नये.

हँड ट्रॉली घेताना काय पाहावे?

किराणा दुकानात पोती किंवा खोकी हलवताना दिसते ती इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, दोन चाकांची उभी ट्रॉली. वर्षातून मोजक्या वेळा, अनेक कुंड्या, उंबरे ओलांडून हलवायच्या असतील तर हीच बहुतेक घरांना पुरेशी ठरते. तिची करामत तोलात आहे. कुंडी ट्रॉलीवर टेकवून मागे झुकवली की एका ठरावीक कोनात सगळा भार चाकांच्या आसावर येतो आणि हातांना फक्त तोल सांभाळावा लागतो. शंभर किलोंची कुंडी असली तरी हातात त्यातले थोडेच वजन येते.

निवडताना पहिली नजर चाकांवर. आठ ते दहा इंची चाके घ्यावीत. फरशी आणि पेव्हर ब्लॉकसाठी भरीव रबराची चाके सोयीची. बंगल्याच्या अंगणात, मातीत, हिरवळीवर हवेची चाके मऊ चालतात, पण बागेत काटे असतात आणि वर्षभर कोपऱ्यात उभ्या ट्रॉलीची हवा ऐन वेळी गेलेली असते. कडक प्लास्टिकची चाके स्वस्त पडतात, मात्र आवाज करतात आणि फरशीला ओरखडे पाडतात. चाकात बेअरिंग आहे का, हे चाक हाताने फिरवूनच कळते.

दुसरी गोष्ट खालच्या पत्र्याची. कुंडीचा तळ त्यावर निम्म्याहून अधिक बसला पाहिजे. प्रवासी बॅगेसाठी असते तशी घडी होणारी अॅल्युमिनियमची ट्रॉली ठेवायला जागा कमी घेते, पण तिचा पत्रा बिजागरीवर असतो आणि जड कुंडीखाली सर्वांत आधी वाकतो तोच. १२-१४ इंची कुंड्यांपर्यंत ती ठीक. त्यापुढे वेल्डिंग केलेली लोखंडी ट्रॉली बरी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत साधे रंगवलेले लोखंड लवकर गंजते. तिथे जस्ताचा मुलामा असलेली ट्रॉली घेतली तर टिकते.

तिसरी गोष्ट कुंडीच्या आकाराची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. कुंडी वर रुंद, खाली निमुळती असते. ट्रॉलीच्या सरळ पाठीला तिची फक्त वरची कड टेकते, खाली पोकळी राहते. अशी कुंडी झुकवली की डगमगते, आणि पट्टा करकचून बांधला तर मातीच्या कुंडीची कड तडकते. पोकळीत गोणपाटाची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा घालावा आणि पट्टा कडेवर न बांधता पोटावर बांधावा. टेम्पोवाले सामान आवळतात तो खटक्याचा पट्टा यासाठी उत्तम. सुतळी किंवा नायलॉनची दोरी ताण येताच सैल पडते.

पत्रा कुंडीखाली घालायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर कुंडी ठेवतानाच द्यायचे असते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन-तीन विटांवर ठेवली, की पाण्याचा निचरा होतो, खालची फरशी वाळते आणि ट्रॉलीचा पत्रा आत सरकायला जागा राहते. थेट फरशीवर बसलेली कुंडी एकाने हलकेच मागे झुकवायची आणि दुसऱ्याने पत्रा खाली सरकवायचा, असे दोघांचे काम होते. बोटे कुंडीखाली घालायची नाहीत.

उंबरा ओलांडताना ट्रॉली ढकलायची नसते. पाठ दाराकडे करून ती मागे ओढायची असते. पायरीवजा उंची असेल तर फळीचा उतार करावा. १५ सेंटिमीटरच्या चढाला सव्वा मीटर लांबीची फळी लावली, तर शंभर किलोंसाठी घर्षण सोडून १२-१३ किलोंचा जोर पुरतो. फळी सरकू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला अडण लावावे. उतारावर माणसाने नेहमी कुंडीच्या वरच्या बाजूला असावे. चढताना ओढत, उतरताना मागे धरून. हात सुटला तर ट्रॉली अंगावर येऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब.

ट्रॉली जिथे वळत नाही तिथे काय?

तीन फुटी बाल्कनीत ट्रॉली वळवायला जागाच नसते. अशा ठिकाणी दोन माणसांनी धरायचे पट्टे उपयोगी पडतात. कुंडीच्या कडेखाली आवळायचा पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंना मुठी, अशी ही साधी रचना. कुंडी निमुळती आणि कड जाड असेल तर पट्टा कडेखाली घट्ट बसतो. सरळ भिंतीच्या डब्याला किंवा अर्ध्या ड्रमाला कडच नसते. तिथे पट्टा तळाखालून घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या ड्रमाची वरची कड धरून उचलण्याचा प्रयत्न केला तर ड्रम फाकतो, माती एका बाजूला येते आणि तोल जातो. शिवाय पट्ट्याने वजन कमी होत नाही, फक्त वाटले जाते. ६० किलोंची कुंडी दोघांत प्रत्येकी ३० किलो होते, म्हणजे दोन-चार पावले आणि ठेवली, एवढ्यापुरतेच हे साधन.

बांबू-दोराची जुनी रीत अजूनही बाद झालेली नाही. कुंडीला खालून दोराची झोळी घालायची, वरून बांबू ओवायचा आणि दोन्ही टोके दोघांच्या खांद्यांवर. कण्याला न वाकवता भार खांद्यावर येतो, हा तिचा मोठा गुण. दोघे सारख्या उंचीचे असावेत आणि कुंडी जमिनीपासून वीतभरच वर असावी. उंच टांगली की झोके घेते. ही रीत ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी आहे. हौशी मंडळींनी ती दीडशे किलोंच्या ड्रमावर पहिल्यांदा करून पाहू नये.

आणि दोनशे किलोंच्या सिमेंटच्या कुंडीसाठी? तिथे गवंड्यांची युक्ती चालते. पहारीने कुंडीची एक बाजू दोन इंच उचलायची, खाली जाड प्लाय सरकवायचा, प्लायखाली दीड-दोन इंची लोखंडी पाइपचे तीन तुकडे. ढकलत पुढे जायचे, मागे सुटलेला पाइप उचलून पुढे ठेवायचा. काम संथ होते, पण दोन माणसांत होते आणि कुंडी जमिनीपासून चार इंचही वर जात नसल्याने पडण्याचा धोका जवळजवळ नसतो. पहारीखाली टेकू म्हणून विटेऐवजी लाकडाचा ठोकळा वापरावा. वीट भाराखाली फुटते.

जिना आणि लिफ्टचे काय?

लिफ्टमध्ये लावलेली पाटी वाचावी. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता सहसा ४०८ किलो असते, म्हणजे माणशी ६८ किलो धरलेले. २४ इंची दोन कुंड्या आणि सोबत दोन माणसे आत गेली की ही मर्यादा ओलांडली जाते. छोट्या चाकांचा स्टँड लिफ्टच्या दारातल्या फटीत हमखास अडकतो. मोठ्या चाकांची ट्रॉली ती फट सहज ओलांडते.

जिन्यासाठी प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकांचा झुबका असलेली ट्रॉली मिळते. एक चाक पायरीला अडले की झुबका फिरतो आणि पुढचे चाक वरच्या पायरीवर बसते. धक्के कमी होतात हे खरे, मात्र कुंडी वर चढवायला लागणारे कष्ट त्याने नाहीसे होत नाहीत. प्रत्येक पायरीला सहा-सात इंच वजन उचलावेच लागते, फक्त ते टप्प्याटप्प्याने. ४०-५० किलोंपर्यंत, दोन माणसांनी, एक वर आणि एक बाजूला, इथपर्यंत ती वापरावी. कुंडीच्या बरोबर खालच्या पायरीवर कोणी उभे राहू नये.

जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून शंभर किलोंची कुंडी खाली आणायची असेल तर ती रिकामी करणे हाच मार्ग. रोप मुळांच्या गड्ड्यासह काढून ओल्या गोणपाटात बांधायचे, माती १५-१५ किलोंच्या गोण्यांत भरायची आणि रिकामी कुंडी शेवटी. दोन तास जास्त लागतात. कुंडीत मुळे दाटली असतील तर माती बदलण्याची वेळ तशीही आलेली असते.

फरशीला आणि स्लॅबला धोका कोणता?

शंभर किलोंची कुंडी छोट्या कडक चाकांवर आली, की प्रत्येक चाक बोटाच्या नखाएवढ्या जागेवर तीसेक किलो दाबते. फरशीखाली पोकळी राहिली असेल तर ती तिथेच तडकते. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याचा वरचा गिलावा किंवा चायना मोझॅक असेल, तर चाक जागेवर वळताना कपची निघते. रासायनिक लेपावर तर ओरखडाच पडतो, आणि पुढच्या पावसात ज्या खोलीत गळती दिसते ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची असते. वाटेवर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे दोन तुकडे आळीपाळीने टाकत गेले तर भार पसरतो. सतरंजी किंवा चटई टाकून आवाज कमी होतो, भार पसरत नाही. नवा लेप दिलेल्या भागावर कंत्राटदाराने सांगितलेली मुदत संपेपर्यंत काहीच नेऊ नये.

स्लॅबचा धोका अधिक गंभीर आहे आणि तो कुंड्या एरवी ठेवण्यापेक्षा हलवताना जास्त असतो. लोकांना जाता येते अशा सपाट गच्चीवर वावराचा भार म्हणून भारतीय मानकात दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेले असतात. गच्चीभर विखुरलेल्या १२ इंची कुंड्या या मर्यादेत बसू शकतात. पण वॉटरप्रूफिंगच्या वेळी काय होते? अर्ध्या गच्चीचे काम सुरू होते आणि सगळ्या कुंड्या उरलेल्या भागात एका कोपऱ्यात खेटून रचल्या जातात. ४० कुंड्या, प्रत्येकी ३० किलो, चार चौरस मीटरमध्ये. हिशेब केला तर चौरस मीटरला ३०० किलो, गृहीत धरलेल्या भाराच्या दुप्पट. अर्धे ड्रम असतील तर त्याहून जास्त. इमारती गृहीत भारावर लगेच कोसळत नाहीत, त्यात सुरक्षिततेची जादा ताकद ठेवलेली असते. तीस-चाळीस वर्षांच्या, सळ्या गंजलेल्या इमारतीत मात्र त्या जादा ताकदीचे किती उरले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कुंड्या तात्पुरत्या हलवतानाही भिंती आणि तुळयांच्या रेषेवर, विरळ ठेवाव्यात. स्लॅबच्या मधोमध ढीग करू नये. जड ड्रमांची संख्या मोठी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच जागा ठरवावी. शक्य असेल तर काही कुंड्या तळमजल्यावर उतरवाव्यात.

वजनाचा हा प्रश्न मुळातून कमी करण्याचा प्रयत्न मुंबईत झालेला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेल्या बागेत स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून तयार झालेल्या माध्यमावर भर होता. निव्वळ मातीच्या तुलनेत असे माध्यम हलके राहते. कुंडी भरतानाच हा पर्याय निवडला तर ट्रॉलीचा प्रश्न निम्मा सुटतो.

पावसाळ्यात कुंड्या चाकांवरच ठेवाव्यात का?

शक्यतो नाही. चाकांना ब्रेक असला तरी तो फक्त चाक फिरू देत नाही; चाकांमुळे दोन-तीन इंच उंच झालेली आणि वर शेंडा पसरलेली कुंडी वाऱ्याने आडवी व्हायची ती होतेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा जोर आत पुण्यापर्यंत जाणवला होता. वादळाचा इशारा आला की कठड्यावरच्या आणि लोखंडी कड्यांत टांगलेल्या कुंड्या आधी खाली घ्याव्यात, चाकांवरच्या कुंड्या स्टँडवरून उतरवून भिंतीशी लावाव्यात आणि उंच रोपे एकमेकांना बांधावीत. उन्हात वर्षभर राहिलेला प्लास्टिकचा स्टँड ठिसूळ होतो; मेमध्ये तो हाताने दाबून पाहिला तर बरे.

स्टँडच्या ताटलीत साचणारे पाणी हा वेगळाच उपद्रव. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. ताटली आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कोरडी करावी लागते. जड कुंडी चाकांवर असेल तर हे सोपे, नसेल तर ताटलीच काढून टाकलेली बरी. चाकांच्या बाजूने बोलणारा हा एक मुद्दा मान्य करावा लागतो.

विकत घ्यावे की वाटून वापरावे?

दहा-बारा कुंड्यांच्या घरासाठी एक मोठ्या चाकांची ट्रॉली, एक खटक्याचा पट्टा, प्लायचे दोन तुकडे आणि एक फळी एवढे सामान पुरते. ते वर्षातून चार दिवस लागते, म्हणून इमारतीत मिळून एकच ट्रॉली घेणे सर्वांत परवडते. ती पाण्याची बाटलीबंद खोकी, पोती, कपाटे यांनाही कामी येते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा हार्डवेअरच्या बाजारात ट्रॉली हातात धरून पाहता येते, आणि हीच खरेदी ऑनलाइन करण्यापेक्षा तिथे करावी असे म्हणण्याला कारण आहे. चाकाचा आस किती जाड आहे, पत्रा वेल्ड केलेला आहे की बोल्टवर, मूठ आपल्या उंचीला येते का, हे छायाचित्रात कळत नाही. जाताना तीन मापे कागदावर लिहून न्यावीत : सर्वांत मोठ्या कुंडीच्या तळाचा व्यास, वाटेतल्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी आणि सर्वांत उंच उंबऱ्याची उंची.